कप धुऊन झाला, डेस्कटॉप यायचाच आहे

मागच्या अंकात एका कोपऱ्यात चौकट टाकली होती : घरचा कम्प्युटर हळू चालत असेल तर लिहा. पत्रं इतकी आली की सगळी छापायची म्हटलं तर संपादकांना दिवाळी अंक काढावा लागेल. त्यातली काही इथे घेतली आहेत. एकाच दुखण्याची दहा पत्रं असतील तिथे एकालाच उत्तर दिलंय, बाकीच्यांनी ते आपलंच समजावं.

नव्या वाचकांना माझी ओळख एवढीच की नागपुरात सक्करदऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत मी कम्प्युटर दुरुस्त करते. आधी एमएस-सीआयटीच्या वर्गात शिकवायची. वर्गातलं मशीन बंद पडलं की दुरुस्तीवाला दोन-दोन दिवस यायचा नाही आणि पोरं खोळंबून बसायची. म्हणून झाकण उघडायला शिकले, आणि मग तेच काम होऊन बसलं.

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलाने २०१७ साली डेस्कटॉप घेऊन दिला. आय-थ्री आहे, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. आता असा स्लो चालून राहिला की बटन दाबतो, चहा मांडतो, पितो, कप धुऊन ठेवतो, तरी डेस्कटॉप यायचाच असतो. शेजारचा पोरगा म्हणते फॉरमॅट मारा. दुकानवाला म्हणते नवीन घ्या. नातवाने कुठलं तरी बूस्टर टाकून दिलं, त्यानं काही फरक पडला नाही. पेन्शनचे कागद, हिच्या आजारपणाच्या फाइली, गावच्या घराचे फोटो, सगळं त्यातच आहे. काय करावं?
— एक निवृत्त कर्मचारी, प्रतापनगर

उत्तर : काकाजी, तुम्ही जे शेवटी लिहिलंय तिथूनच मी सुरुवात करते. पेन्शनचे कागद, काकूंच्या फाइली आणि घराचे फोटो यांची दुसरी प्रत कुठे आहे? नसेल तर आज बाकी काहीच करू नका. शेजारच्या पोराला चहा पाजा आणि घरी पाठवा. एक बाहेरून लावायची यूएसबी हार्ड डिस्क आणा, त्यात सगळं कॉपी करा, आणि कॉपी झाली म्हणून लगेच समाधान मानू नका. ती डिस्क मुलाच्या लॅपटॉपला लावून वेगवेगळ्या फोल्डरमधले पाच-सहा फोटो आणि दोन पीडीएफ उघडून पाहा. उघडले, म्हणजे प्रत झाली.

एवढं बजावते, कारण मी स्वतः भाजले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ताईंचा कम्प्युटर आला होता. जुन्या डिस्कवरचं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवायचं होतं, आमच्या भाषेत क्लोन करायचं. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. पडद्यावर विचारलं, कुठून कुठे? मी घाईत उलटं निवडलं. कोऱ्या डिस्कचा कोरेपणा भरलेल्या डिस्कवर उतरला. त्यात त्यांच्या मुलीच्या बारशाचे फोटो होते. थोडे परत मिळाले, बरेच नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पैसे ठेवून गेल्या, आणि ते पैसे घ्यायला माझा हात पुढे होईना. तेव्हापासून ज्या डिस्कमध्ये माल आहे तिच्यावर मी लाल चिकटपट्टी लावते, आणि क्लोन करण्याआधी एक वेगळी प्रत काढून बाजूला ठेवते. गिऱ्हाईक म्हणतं, एवढा वेळ कशाला? मी म्हणते, बसा.

प्रत झाली की मग दुखणं कुठे आहे ते पाहायचं. मशीन सुरू करा, पूर्ण सुरू झाल्यावर पाच मिनिटं हात लावू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. चार-सहा ओळींची छोटी चौकट दिसली तर खाली ‘मोअर डिटेल्स’ दाबा. वर हे आकडे दिसतील : सीपीयू (म्हणजे प्रोसेसर, मशीनचा मेंदू), मेमरी (म्हणजे रॅम, चालू काम मांडायची तात्पुरती जागा), डिस्क, नेटवर्क. कोणता आकडा कायम शंभराच्या आसपास घुटमळतोय ते कागदावर लिहा. तुम्ही काही उघडलेलं नसताना डिस्क १०० टक्के दाखवत असेल, आणि तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटतं, तर दोष त्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. तिथे फॉरमॅट मारून, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून, चार महिने बरं वाटेल, मग पुन्हा कप धुणं आलंच.

त्याचं कारण सांगते. डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. ती सुई जिच्या टोकाला असते तो दांडा योग्य रांगेवर सरकायला आणखी आठ-नऊ. एका तुकड्याला बारा-तेरा मिलिसेकंद गेले, म्हणजे सेकंदाला असे विखुरलेले सत्तर-ऐंशीच तुकडे हाती लागतात. विंडोज सुरू होताना मागते हजारो बारीक तुकडे, आणि तेही डिस्कभर पसरलेले. इतवारीत किराणा ओळीतल्या दुकानात गोदामातून सामान आणणारा माणूस एकच असावा, आणि गिऱ्हाइकाने हिंग, मग जिरं, मग ओवा असं एकेक सांगावं, आणि त्याने दर वेळी गोदामाच्या टोकापर्यंत जाऊन यावं, तसं ते चालतं. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच. ती असे तुकडे सेकंदाला हजारोंनी देते. म्हणून त्याच प्रोसेसरवर, त्याच विंडोजवर, फक्त डिस्क बदलली की लोकांना मशीन नवं आणल्यासारखं वाटतं. गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर आलेल्या ‘स्लो आहे’ म्हणणाऱ्या बहुतेक जुन्या मशीनचं औषध हेच निघालं.

तर काकाजी, २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कसारखीच वायर लागणारी) बसवून घ्या. तिच्यावर फक्त विंडोज आणि प्रोग्राम. जुनी १ टीबीची डिस्क डब्यातच राहू द्यायची, फोटोंच्या कोठारासारखी. पण त्याआधी तिची तब्येत पाहायची. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद वाचून दाखवतो. निळं ‘गुड’ आलं तर ठीक. पिवळं ‘कॉशन’ आलं, किंवा डिस्क टिकटिक आवाज करत असेल, तर तिच्यावर साफसफाई, डीफ्रॅग (विखुरलेले तुकडे एका जागी लावणं), काही म्हणता काही चालवू नका. ती मरणपंथाला लागलेली असते, आणि तिला पळवाल तर लवकर जाईल. तिच्यातलं आधी बाहेर काढायचं, एवढंच.

रॅम ४ ची ८ करणं हे दुसरं काम. टास्क मॅनेजरमध्येच ‘परफॉर्मन्स’, मग ‘मेमरी’ पाहा. तिथे ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर दोनपैकी एक असं लिहिलं असेल तर दुसरी पट्टी लावायला जागा आहे. जुनी पट्टी काढून सोबत न्या. डीडीआर-थ्री आणि डीडीआर-फोर यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि जोर करून बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर आधी एसएसडी.

नातवाचं बूस्टर काढून टाका. त्याच्यावर रागावू नका, पण काढा.

फुकटातलं एक काम मात्र आजच करता येईल. टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’मध्ये मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामची यादी असते. मीटिंगची ॲप, गाण्यांची ॲप, प्रिंटरच्या कंपनीचा शाई विकणारा मदतनीस, यांना ‘डिसेबल’ करा. डिसेबल म्हणजे प्रोग्राम उडत नाही, फक्त बोलावल्याशिवाय यायचं नाही एवढं त्याला सांगितलं जातं. अँटिव्हायरस, आवाजाचा आणि टचपॅडचा ड्रायव्हर, मराठी टाइप करायची सोय, यांना राहू द्या. नाव ओळखीचं नसेल तर हात लावू नका.

प्रश्न : मी शिकवणी घेते. कम्प्युटरवर सी ड्राइव्ह लाल झाला होता. भावाने सांगितल्याप्रमाणे सेटिंग्जमधून टेम्पररी फाइल्स डिलीट केल्या. जागा भरपूर झाली, पण मुलांच्या प्रश्नपत्रिका गेल्या! रिसायकल बिनमध्येही नाहीत. असं कसं झालं?
— एक शिक्षिका, महाल

उत्तर : ताई, त्या यादीत ‘डाउनलोड्स’ अशी एक ओळ असते. ती टेम्पररी नाही, तो तुमचा डाउनलोड्सचा फोल्डर आहे. सगळ्यावर टिक करून काढलं की तोही साफ होतो. ज्याने ती ओळ त्या यादीत घातली त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

आता त्या ड्राइव्हवर नवीन काहीही साठवू नका. प्रश्नपत्रिका कुणाला मेल केल्या असतील, व्हॉट्सॲपवर पाठवल्या असतील, झेरॉक्सवाल्याला पेनड्राइव्हवर दिल्या असतील, तर तिथे आधी शोधा. दहातल्या सात झेरॉक्सवाल्याकडे सापडतील. आमच्या महालातल्या झेरॉक्सवाल्यांच्या कम्प्युटरवर अर्ध्या नागपूरच्या प्रश्नपत्रिका असतात, हे परीक्षा घेणाऱ्यांना न सांगितलेलंच बरं. उरलेल्या हव्याच असतील तर मशीन बंद करून डिस्क काढून जाणकाराकडे द्या. फिरती डिस्क असेल तर मिळण्याची आशा आहे. एसएसडी असेल तर फार धरू नका, कारण पुसलेल्या जागा मोकळ्या झाल्या असं विंडोज तिला लगेच कळवते आणि ती त्या आतून साफ करून टाकते.

पुढच्या वेळी ‘टेम्पररी फाइल्स’, ‘थंबनेल्स’ आणि ‘रिसायकल बिन’ एवढंच टिक करा. विंडोज नुकतीच नवी चढली असेल तर ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ हीसुद्धा ओळ दिसते. ती एकटीच कधी कधी दहा-वीस जीबी खाऊन बसते. नवी विंडोज नीट चालतेय याची खात्री झाल्यावर ती काढायला हरकत नाही. ‘विंडोज’ नावाच्या फोल्डरमध्ये शिरून हाताने मात्र काही पुसायचं नाही.

प्रश्न : ताई, माझा लॅपटॉप सकाळी बरा चालते. दुपारी दोन वाजले की मरते. माऊस अटकते, पंखा विमानासारखा ओरडते. संध्याकाळी पुन्हा ठीक. मार्चपासून सुरू झालं. व्हायरस असेल काय? कूलरसमोरच बसतो मी, म्हणजे गरम होण्याचा प्रश्न नाही.
— एक विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : दादा, दुपारी दोनला येणारा आणि संध्याकाळी जाणारा व्हायरस मी अजून पाहिला नाही. हे ऊन आहे.

प्रोसेसर तापला की स्वतःला जळण्यापासून वाचवायला वेग कमी करतो. लॅपटॉपच्या बऱ्याच प्रोसेसरची ही मर्यादा १०० अंशांच्या जवळपास असते. डिसेंबरात खोलीत २० अंश असतात, मेमध्ये बाहेर ४५ आणि खोलीत ३५ च्या वर. पंखा जी हवा आत ओढतो तीच पंधरा अंशांनी गरम, त्याने निववायचं तरी कशाने? खात्री करायची तर टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’मधला ‘सीपीयू’ उघडा आणि ‘स्पीड’ पाहा. सकाळी काम करताना समजा २.४ गिगाहर्ट्झच्या वर असेल, आणि दुपारी तेच काम करताना ०.८ वर येऊन बसला असेल, तर निदान झालं. एक गंमत लक्षात ठेव. स्पीड दिवसभर, अगदी थंड असतानाही, तळालाच असेल तर चार्जर तपास. काही लॅपटॉप दुसऱ्या कंपनीचा किंवा कमी वॉटचा चार्जर ओळखत नाहीत आणि लाडावलेल्या जावयासारखे रुसून बसतात.

आता तुझ्या कूलरबद्दल. नागपुरात कम्प्युटर जितके कूलरने मारले असतील तितके विजेने मारले नसतील, हे मी टेबलावर बसून सांगते. एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे येणारं मशीन उघडलं की पंख्याच्या मागे, जिथे तांब्याची नळी आणि पातळ पत्र्यांची जाळी असते, तिथे एक गादी मिळते. धूळ, कापसाचे तंतू, कूलरच्या गवताचा भुसा, आणि हे सगळं ओलसर हवेत चिकटून नमद्यासारखं झालेलं. चिमट्याने धरून ओढलं की अख्खा पट्टा निघतो, बोटभर लांब, जाळीच्या मापाचा. मागच्या मेमध्ये एका पट्ट्यात मला खशीची काडी सापडली, तिला अजून वास येत होता. पंखा ओरडतो तो त्या गादीमागून. हवा बाहेर जायला वाटच नसते.

शिवाय आपल्या कूलरमध्ये बोअरचं पाणी. पॅडवर पांढरा खार चढतो तो तू पाहिला असशील. कूलरच्या तोंडासमोर ठेवलेल्या मशीनवरही ते बारीक तुषार बसतात, आणि रॅमच्या सोनेरी दातांवर, यूएसबीच्या तोंडात काळपट थर येतो. मग मशीन कधी चालू होतं, कधी तीनदा बीप करून बसतं. कूलर लाव, तू त्याच्यासमोर बस, पण टेबल झोतातून दोन हात बाजूला सरकव. खिडकी उघडी ठेव, दमट हवा बाहेर जाऊ दे.

साफ करायचं तर लॅपटॉप पूर्ण बंद कर, चार्जर काढ, गॅलरीत ने. मागचं झाकण उघडायची हिंमत असेल तर आधी बॅटरीची पिन काढायची, मगच पुढे. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्या-त्या जागी टोचून ठेव. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की खालचं बोर्ड गेलंच. पंख्याची पाती बोटाने धरून मगच ब्रश किंवा ब्लोअर चालव. ब्लोअरने पंखा भन्नाट फिरवायला मजा येते हे खरं, पण त्याची बेअरिंग जाते आणि फिरता पंखा उलट वीज तयार करून बोर्डात ढकलू शकतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर तोंड टेकवून वापरू नकोस, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. चार-पाच वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरचा थर्मल पेस्टचा, म्हणजे त्याची उष्णता तांब्याकडे पोचवणाऱ्या लेपाचा, थर वाळून खडूसारखा झालेला असतो. तो पुसून वाटाण्याएवढा नवा लावावा लागतो. ते काम पहिल्यांदा कुणाच्या तरी शेजारी बसून पाहा, मग कर.

तोवर लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवणं बंद. खाली दोन पुस्तकं लाव, मधे हवेला जागा ठेवून. गाइड असतील तर तीच लाव, निदान काही उपयोग होईल.

प्रश्न : मी रोज रात्री कम्प्युटर नियमाने शट डाउन करते. तरी मुलगा म्हणतो, आई, तुझं मशीन २३ दिवस बंदच झालेलं नाही. कोण खरं?
— एक गृहिणी, खामला

उत्तर : दोघंही. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यामुळे शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण मिटत नाही, डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. सुरू पटकन होतं, पण दिवसांचा साचलेला कचरा तसाच राहतो. ‘रीस्टार्ट’ दिलं की मात्र सगळं खरोखर मिटून नव्याने उभं राहतं. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी तर्री-पोहे झाल्यावर, रीस्टार्ट देत जा. मुलाने २३ दिवस पाहिले ते टास्क मॅनेजरच्या सीपीयूखालच्या ‘अप टाइम’मध्ये. पोरगा हुशार आहे, त्याला माझ्याकडे पाठवा.

प्रश्न : पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात सारखं येतं, तुमच्या कम्प्युटरमध्ये इतके-इतके व्हायरस आहेत, आत्ता साफ करा. एकदा दाबलं तर फोन नंबर आला. फोन केला. समोरच्याने एक ॲप टाकायला लावलं, त्याला माझा पडदा दिसत होता, आणि वेग वाढवायचे म्हणून ४,९९९ रुपये घेतले. वेग काही वाढला नाही. आता रोज त्याचे फोन येतात.
— एक ज्येष्ठ नागरिक, धरमपेठ

उत्तर : काकाजी, हे पान वाचताय तिथेच थांबा आणि कम्प्युटरचं इंटरनेट तोडा, वायर काढा किंवा वाय-फाय बंद करा. मग फोनवरून १९३० लावा. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. बँकेलाही कळवा. मेलचे आणि बँकेचे पासवर्ड बदला, पण त्या कम्प्युटरवरून नव्हे, मुलीच्या फोनवरून. त्याने टाकायला लावलेलं ॲप काढून टाका. मी असते तर डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकली असती, कारण तो आत बसून काय-काय करून गेला ते कुणी पाहिलंय?

कोपऱ्यातली सूचना ही कुठल्या तरी वेबसाइटने कधी काळी ‘अलाउ’ दाबून घेतलेली परवानगी असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन अनोळखी नावं काढली की ती थांबते. त्यात व्हायरस मोजणारं यंत्र वगैरे काही नाही, ते नुसतं चित्र आहे.

आणि हे सगळ्यांसाठी : रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे, रॅम मोकळी करणारे, ड्रायव्हर आपोआप बदलणारे प्रोग्राम विकत घेऊ नका, फुकटही घेऊ नका. रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी काढून वेग वाढत नाही. चुकून कामाची नोंद गेली तर मात्र मशीन उठत नाही. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस घरच्या वापराला पुरतो. त्याच्यावर आणखी दोन अँटिव्हायरस ठेवले तर ते एकमेकांच्या फाइली तपासत बसतात, एका दारावर तीन चौकीदार ठेवल्यासारखं.

प्रश्न : आमच्याकडचा लॅपटॉप आय-फाइव्ह ६२००यू आहे, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकून घेतली आहे, चांगला पळतो. पण त्यावर विंडोज १० आहे आणि ते बंद झालं म्हणतात. सासऱ्यांचं सगळं लेखन त्यात जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये आहे. विंडोज ११ टाकावं का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : वहिनी, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. लॅपटॉप बंद पडत नाही, पण सुरक्षेची ठिगळं मिळणं थांबतं. मायक्रोसॉफ्टने घरच्या वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ती ठिगळं घेण्याची सोय ठेवली आहे, ‘विंडोज अपडेट’मध्ये नावनोंदणी करावी लागते. ती आधी करा.

विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं. तुमच्या ६२००यू मधला पहिला आकडा ६, म्हणजे सहावी पिढी. अधिकृतपणे बसत नाही. अट चुकवून बसवून देणारे सीताबर्डीत भेटतील, पण तशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर बँकेचं काम होतं तिथे मी तसं करत नाही, गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी.

मी काय केलं असतं? वर्षभराची ठिगळं घेतली असती आणि त्या वर्षात लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं असतं. त्यासाठी डिस्कला हात लावावा लागत नाही. पेनड्राइव्ह काढला की लॅपटॉप पूर्वीसारखा. तुमचा प्रिंटर चालतो का, मराठी टाइप होतं का, मुलांचे वर्ग होतात का, हे आठ दिवस पाहा. टॅली किंवा ऑफिसचा एखादा विंडोजवरच चालणारा प्रोग्राम लागत असेल तर हा रस्ता तुमचा नाही.

सासऱ्यांच्या लेखनाचं मात्र कोणत्याही मार्गाने जाण्याआधी करा. कृतिदेव हा युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच साठवणाऱ्या पद्धतीचा, फॉन्ट नाही. आत इंग्रजीच अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचे कपडे चढवतो. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आलू-बोंडा दिसतो आणि माणसाला वाटतं सगळं खराब झालं. काहीही खराब झालेलं नसतं. ‘विंडोज’मधल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरातून कृतिदेवच्या सगळ्या फाइली (आकड्यांवरून बरेच प्रकार असतात) लेखनाच्या फोल्डरमध्येच कॉपी करून ठेवा. शिवाय प्रत्येक लेखाची पीडीएफ काढा, ती कुठेही तशीच दिसेल. सासरेबुवांना वेळ असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं काम त्यांनाच द्या. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार तपासावे लागतात, आणि ते लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्याला नीट जमत नाही.

प्रश्न : मशीन सुरू केलं की तारीख दर वेळी जुनी येते, आणि कुठलीच वेबसाइट उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. नेटवाला म्हणतो लाइन ठीक आहे.
— एक दुकानदार, गोकुळपेठ

उत्तर : नेटवाला खरं बोलतो, हे वर्षातून एकदा होतं. मदरबोर्डवर, म्हणजे डब्यातल्या मुख्य बोर्डवर, रुपयाच्या नाण्यासारखी चपटी बॅटरी असते, सीआर २०३२, ३ व्होल्टची. ती संपली की मशीन तारीख विसरतं, आणि वेबसाइटची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जात असल्यामुळे सगळ्या खोट्या ठरतात. घड्याळाच्या दुकानातही मिळते. मशीनची विजेची वायर काढून, लिहिलेली बाजू वर ठेवून बसवा.

जाता जाता, प्रतापनगरच्या काकाजींचा हा अंक छपाईला जायच्या आधी फोन आला होता. प्रत काढून झाली, क्रिस्टलडिस्कइन्फोत डिस्क पिवळी निघाली. फोटो सगळे उघडले, पेन्शनची एक फाइल उघडली नाही, पण तिची झेरॉक्स ट्रंकेत होती. एसएसडी बसवायला गुरुवारी येत आहेत. चहा माझ्याकडे घेणार म्हणाले.